ओळख नागरिकाची, चावीही नागरिकाचीच हवी

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या वनवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक वितरित झाले. 1 जुलै 2015 रोजी डिजिलॉकरचा आरंभ झाला आणि वाहन-परवाना, गुणपत्रिका अशी कागदपत्रे मोबाइलमध्ये ठेवण्याची सोय झाली. एवढ्या प्रचंड लोकसंख्येसाठी अशी यंत्रणा भारताने स्वबळावर उभारली, हे कर्तृत्व निर्विवाद आहे. परंतु यंत्रणा उभी राहणे वेगळे आणि तिच्यावर लोकांचा विश्वास बसणे वेगळे. विश्वास वटहुकमाने निर्माण होत नाही.

या विषयावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एका वर्गाला प्रत्येक डिजिटल उपक्रमात केवळ पाळतच दिसते. दुसरा वर्ग शंका विचारणाऱ्या प्रत्येकाला प्रगतीचा शत्रू ठरवून मोकळा होतो. सामान्य कुटुंबाची अडचण दोघांनाही दिसत नाही. हाती डिजिटल दस्तऐवज असूनही लॉजच्या काउंटरवर त्याला एकच वाक्य ऐकावे लागते, “आधारची झेरॉक्स द्या.” त्या कागदावर नाव, जन्मतारीख, पत्ता, छायाचित्र आणि बारा आकडी क्रमांक असे सारेच असते. तो कोणत्या कपाटात पडला, पुढे कोणत्या रद्दीत गेला, याचा हिशेब कोण देणार?

मे 2022 मधील प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने छायाप्रत सरसकट देऊ नका, शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत वापरा, असे आवाहन केले. सल्ला योग्यच होता. मात्र त्याचा चुकीचा अर्थ काढला जाईल, असे कारण देऊन दोन दिवसांतच तो मागे घेण्यात आला. शासनच असे गोंधळले, तर नागरिकाने भरवसा कशावर ठेवावा?

स्वित्झर्लंडचे उदाहरण येथे विचार करण्याजोगे आहे. मार्च 2021 मधील सार्वमतात तेथील जनतेने डिजिटल ओळखपत्राचा कायदा सुमारे 64 टक्के मतांनी फेटाळला, कारण ओळखपत्रे खासगी कंपन्या देणार होत्या. शासनाने आराखडाच बदलला. ओळखपत्र शासन देणार, ते ऐच्छिक असणार आणि माहिती वापरकर्त्याच्याच फोनमध्ये राहणार, असे ठरले. सप्टेंबर 2025 मध्ये तो कायदा निसटत्या बहुमताने संमत झाला. लोकांचा नकार ऐकला गेला, म्हणूनच होकार मिळाला.

भारतात वैधानिक पाया आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. 2023 मध्ये वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. त्या कायद्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि शासकीय यंत्रणांना सूट देण्याचीही तरतूद त्यात आहे. ही सूट जितकी कमी वापरली जाईल, तितका विश्वास वाढेल.

मागणी साधी आहे. वय अठरापेक्षा अधिक आहे एवढेच विचारायचे असेल, तर तेवढेच उत्तर जावे. पत्ता जाऊ नये. कोणी, केव्हा, कशासाठी माहिती पाहिली, याची नोंद नागरिकाला दिसावी. शेतात राबून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले, त्यांना पर्यायी मार्ग मिळावा. यंत्राने ओळखले नाही म्हणून कोणाचेही धान्य अडू नये. आणि छायाप्रतीचा आग्रह धरणाऱ्याला जाब विचारला जावा.

सुरुवात मात्र आपल्यापासूनच व्हावी. आपल्या संस्थांत, वसतिगृहांत, सोसायट्यांत पडून असलेल्या झेरॉक्स प्रतींचे गठ्ठे आधी नष्ट करावेत. गरज नसताना प्रत मागू नये, मागितल्यास कारण विचारावे. इतरांची ओळख जपणाऱ्या समाजालाच स्वतःची ओळख निर्धास्तपणे शासनाच्या हाती सोपवता येते.