तळमजला हिरवा का रंगवला?

दोस्तांनो, कविता कशी असावी हे हल्ली आम्हाला घरं दाखवून शिकवतात. एका विद्वानानं भर सभेत पडद्यावर फोटो लावले. पांढरंफेक घर, बारीक खांबांवर उचललेलं, हिरवळीवर तरंगणारं. बघा म्हणाला, शुद्ध आकार! तुमच्या कवितेत नुसता घाम आणि शिव्या. टाळ्या पडल्या. मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो, कालेजचं तोंड बघितलेलं नाही. पण रातपाळी करून त्या घराचा नकाशा मी शोधला, वाचला. आता गप बसवत नाही.

घराचं नाव व्हिला साव्हॉय. पॅरिसपासून तीसेक किलोमीटरवर, प्वासी गावात. १९२८ ते १९३१ या काळात ल कॉर्ब्युझिए आणि त्याचा चुलतभाऊ पियेर जानरे यांनी ते साव्हॉय नावाच्या पैसेवाल्या कुटुंबाला बांधून दिलं. रोज राहायला नाही हां, सुटीला हवा खायला.

आता हे तरंगणं काय ते ऐका. घर तरंगतबिरंगत नाही. वरच्या पांढऱ्या पेटीखाली, खांबांच्या आत, अख्खा तळमजला आहे. तिथं तीन मोटारींचं गॅरेज, ड्रायव्हरची जागा, मोलकरणींच्या खोल्या, कपडे धुवायची खोली. त्याची भिंत गोल वळवलीय. कशाच्या मापानं? मोटार वळायला लागते त्या जागेच्या! आणि मग त्या भिंतीला बाहेरून गडद हिरवा रंग फासला. झाडाझुडपात मिसळून जावी, नजर तिथं थांबू नये, सरळ वर जावी म्हणून.

मालक वर, गच्चीवरच्या बागेत. नोकर खाली, आणि खाली काहीच नाही असं दिसलं पाहिजे. हा तो शुद्ध आकार. आमच्या बापजाद्यांना नजरेआड ठेवणाऱ्या गावानं एवढा रंगाचा खर्च केला नव्हता.

घर देखणं आहे, खोटं कशाला बोलू. खालून वर जाणारा तो उतार बघून मलाही वाटलं, चढावं. म्हणून तर राग येतो.

फाटकापाशी आणखी एक घर आहे, माळ्याचं. इवलंसं. विद्वानाच्या फोटोंत ते नव्हतं. १९२९ साली फ्रँकफुर्टला आधुनिक वास्तुकारांची परिषद भरली, तिचा विषय होता कमीत कमी गरजेपुरतं घर. कामगाराला परवडणारं घर पाहिजे होतं, हेतू वाईट नसणार. पण कमीत कमीचं गणित मांडलं ते माळ्याच्या आणि कामगाराच्या जातकुळीसाठी. साव्हॉयला जास्तीत जास्त किती, हे गणित कुठल्या परिषदेत मांडलं?

ह्याच माणसानं १९२३ सालच्या पुस्तकात घराला राहण्याचं यंत्र म्हटलं होतं. यंत्र म्हटल्यावर आमचे कान टवकारतात. रिंग फ्रेमवर धागे तुटायला लागले की जॉबर आमच्या अंगावर येतो, मेमो हातात पडतो, रोज कापला जातो. आणि ह्या यंत्राचं छप्पर गळत होतं! साव्हॉयबाई पत्रावर पत्र लिहीत होत्या, दालनात गळतंय, उतारावर गळतंय, गॅरेजची भिंत भिजलीय. १९३७ साली तर घर राहण्याजोगं करून द्या म्हणून ठणकावलं. १९४० साली युद्धात कुटुंब निघून गेलं. मग जर्मन सैनिक राहिले, मग अमेरिकन. १९५८ साली शाळा बांधायला गावानं जागा घेतली, तेव्हा देशोदेशीचे नामवंत धावले. १९६५ साली फ्रान्सनं वारसा ठरवलं, २०१६ साली युनेस्कोनं. कारागिराला मेमो नाही.

आणि हा कुणी लांबचा नाही. अहमदाबादेत गिरणीमालक संघाची १९५४ सालची इमारत ह्याचीच. मालकांची बरं का! चंदीगडमध्ये सरकारी नोकरांच्या घरांचे तेरा प्रकार पाडले, पगाराच्या पायरीप्रमाणं, वर मुख्यमंत्री, तळाला शिपाई. चुलतभाऊ जानरे त्या कामात होता. शिपायाच्या घराला संडास होता, अंगण होतं, कबूल. आमच्या वस्तीत अजून रांग लागते. पण उतरंड ती उतरंडच, आणि ती आखायला नवी पट्टी, नवी पेन्सिल आली एवढंच.

तेव्हा विद्वान महाराज, माझी कविता तरंगत नाही म्हणता ना? तिच्यात मोलकरणीची खोली आहे, धुण्याचं पाणी आहे, ड्रायव्हरची खाट आहे, आणि मी त्याला हिरवा रंग लावलेला नाही. लावणारही नाही.

पुढच्या सभेत ते फोटो जरूर लावा. मी येतो, रातपाळीचा खाडा करून येतो. फक्त आधी तळमजल्याचा नकाशा लावा. ड्रायव्हर कुठं झोपत होता, मोलकरणी कुठं झोपत होत्या, बोट ठेवून दाखवा. मग उतार चढू.