आपल्या भूमीची ओळख कोणत्या कपाटात?

गोदावरीला पूर आला की नाशिककरांची पावले आपोआप नदीकाठाकडे वळतात आणि नजर जाते ती दुतोंड्या मारुतीकडे. पाणी मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याशी आले, अशा भाषेत पुराची मोजदाद करणाऱ्या कित्येक पिढ्या या शहराने पाहिल्या. नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी पोहोचले म्हणजे महापूर, ही खूणगाठही घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी बांधून दिलेली. १९६९चा पूर असो, १९ सप्टेंबर २००८चा असो, की ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९चे पूर असोत, लोकांच्या स्मरणात ते याच खुणांनी राहिले. आपल्या श्रद्धास्थानालाच पूरमापक करणारा हा समाज निसर्गाकडे डोळे उघडे ठेवून पाहणारा होता, यात शंका नाही.

परंतु याच पुरावर एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थिनीला भूगोलाचा प्रकल्प करावयाचा असेल, तर तिने कोठे जावे? ती ग्रंथालयात जाते आणि 'गोदावरीच्या पुरावरचे पुस्तक' मागते. तसे पुस्तक बहुधा नसतेच. 'नाही' हे उत्तर घेऊन ती परतते, संगणकापुढे बसते आणि कुणीतरी कुठूनतरी उतरवलेली चार पाने पुन्हा एकदा उतरवते. प्रकल्प पूर्ण होतो, गुणही मिळतात. आपण ज्या नदीकाठी वाढलो, तिची ओळख मात्र राहून जाते. आश्चर्य असे की, तिला हवी असलेली बहुतेक माहिती अस्तित्वात असते, आणि पुष्कळदा तिच्या घरापासून चार-सहा किलोमीटरांच्या आतच असते. साधने आहेत, त्यांच्यापर्यंत नेणारी वाट नाही. ही वाट बांधणे हे नाशिकच्या सुजाण समाजाचे काम आहे आणि ते आता लांबणीवर टाकता येण्यासारखे नाही.

एक विषय, अनेक कपाटे

भूगोल हा मुळातच एका कपाटात मावणारा विषय नव्हे. ड्युईच्या दशांश वर्गीकरणानुसार भूगोल आणि प्रवास ९१०मध्ये, नकाशे ९१२मध्ये, तर नदी, खडक आणि पाऊस विज्ञानाच्या दालनात ५५१मध्ये जातात. धरणे आणि बंधारे अभियांत्रिकीच्या ६२७मध्ये, लोकसंख्या समाजशास्त्रात आणि भारताचा इतिहास ९५४मध्ये. गोदावरीच्या एका पुराचा अभ्यास करावयाचा तर या साऱ्या कपाटांपुढे उभे राहावे लागते. अहवाल, जनगणनेच्या पुस्तिका, जुने नकाशे ही साधने तर अनेकदा 'शासकीय प्रकाशने' किंवा 'दुर्मीळ' अशा पाटीखाली वेगळीच ठेवलेली असतात. नवख्या वाचकाला हे कोण सांगणार? भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. आपल्याकडे पुस्तके देण्या-घेण्याची खिडकी सर्वत्र असते. 'हे कोठे सापडेल' हे सांगणारी खिडकी क्वचितच दिसते.

गॅझेटियर: आरंभ येथे, शेवट नव्हे

नाशिकच्या भूगोलाचा शोध घेणाऱ्याने पहिले पाऊल ठेवावे ते गॅझेटियरवर. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा असून तो १८८३चा आहे. डोंगर, नद्या, घाट, पिके, दुष्काळ, बाजारपेठा, तीर्थस्थाने यांची त्यातील तपशीलवार माहिती आजही थक्क करते. हा ग्रंथ परकीय सत्तेने महसुलासाठी आणि राज्यकारभाराच्या सोयीसाठी करविला, हे विसरून चालणार नाही. प्रजेकडे पाहण्याची त्याची दृष्टी राज्यकर्त्याची आहे, आणि जाती-जमातींविषयीची त्यातील विधाने तर पारखूनच घ्यावयास हवीत. पण त्यामागे एतद्देशीय विद्वत्ताही उभी आहे, हेही विसरू नये. पांडवलेण्यांतील शिलालेखांचे त्यातील विवेचन पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या अभ्यासावर आधारलेले आहे. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनाने नाशिक जिल्ह्याचे सुधारित गॅझेटियर १९७५मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले की जवळजवळ शतकभरात या भूमीत काय बदलले, ते स्पष्ट होते.

येथे एक खाचखळगा आहे. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९मध्ये. त्यापूर्वीची माहिती 'नाशिक' या नावाखाली शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण ती अहमदनगर आणि खानदेश यांच्या कागदपत्रांत आहे. या दोहोंचे गॅझेटियरचे खंड अनुक्रमे सतरावा आणि बारावा. पेठ तर १८७८पर्यंत संस्थान होते. नावांचेही तसेच. इंग्रजी कागदांत चांदवडचे 'चांदोर' होते आणि पेठचे 'पेंट'. हे ठाऊक नसेल, तर सूचीत असलेली गोष्टही डोळ्यांसमोरून निसटते. अशी माहिती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. ती जाणत्या ग्रंथपालाकडे असते.

दोन नकाशांत विभागलेले शहर

नकाशांची कथाही अशीच. १७६७पासून कार्यरत असलेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशे हा भूगोलाच्या अभ्यासकाचा मूलाधार. २० अंश उत्तर हे अक्षवृत्त नाशिक शहरातूनच जाते. या नकाशांची जुनी विभागणी अंशांवर बेतलेली असल्याने रामकुंड आणि पंचवटीचा भाग '४६ एच' या मालिकेत येतो, तर नाशिकरोड '४७ ई'मध्ये. एकच नकाशा मागणाऱ्याच्या हाती अर्धेच शहर पडते! त्र्यंबकेश्वरासाठी पुन्हा शेजारचा तिसरा नकाशा काढावा लागतो. ब्रह्मगिरीपासून शहरापर्यंतची गोदावरी पाहावयाची तर हे तुकडे जोडल्यावाचून गत्यंतर नाही. कधीकाळी हे नकाशे मिळविणेच दुर्घट होते. २०१७पासून अनेक नकाशे संकेतस्थळावरून घेता येऊ लागले आणि २०२१मध्ये केंद्र शासनाने भूस्थानिक माहितीवरील बरीचशी बंधने उठविली. दार उघडले आहे. परंतु कोणता क्रमांक मागावयाचा, हे सांगणारा कुणी तरी हवाच.

पर्जन्य आणि पाणी यांबाबतीत तर नाशिक भाग्यवान आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील येवल्यात पाचशे-सहाशे मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. इतका मोठा फरक एका जिल्ह्यात सामावणारी ही भूमी म्हणजे भूगोलाची उघडी प्रयोगशाळाच होय. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच 'मेरी', नाशिकच्या दिंडोरी रस्त्यावर आहे आणि राज्याच्या जलविज्ञान प्रकल्पाचे कार्यालयही याच शहरात आहे. पावसाच्या दीर्घकालीन नोंदी पुण्यात हवामान विभागाकडे आहेत. गावागावांची लोकसंख्या आणि सोयी-सुविधा जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत आहेत. २०११च्या गणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ होती. ती कोठे दाटली आणि कोठे विरळ झाली, हे जुन्या पुस्तिकांशी ताडून पाहिल्यावाचून कळत नाही. शहराचा विस्तार नदीच्या पूररेषेत कसा शिरला, हा प्रश्न अखेर या आकड्यांतून आणि नकाशांतूनच सुटावयाचा आहे.

शिलालेखांतील भूगोल

भूगोल हे शास्त्र पश्चिमेकडूनच आले, अशी समजूत शालेय पुस्तकांमुळे दृढ झाली आहे. ती समजूत घेऊन पांडवलेण्यांत गेलेला विद्यार्थी काही वेगळेच शिकून परततो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील गौतमी बलश्रीच्या लेखात असिक, अश्मक, मुळक, सुराष्ट्र, अपरांत, विदर्भ अशा प्रदेशांची आणि विंध्य, सह्य, मलय, महेंद्र अशा पर्वतांची नावे ओळीने येतात. दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहणुका या नद्यांवर प्रवाशांसाठी विनामूल्य नावा ठेवल्याची नोंद आहे. त्यांतील पारदा म्हणजे आजची पार आणि दमणा म्हणजे दमणगंगा, असे अभ्यासक मानतात. ज्या नद्यांचे पाणी पूर्वेकडे वळविण्याच्या योजनांवर आज चर्चा झडतात, त्यांची नावे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या खडकात कोरली गेली आहेत. हे लेख एमिल सेनार यांनी 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात संपादित केले.

ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्यात गोदाकाठच्या तीर्थांचे विस्तृत वर्णन आहे आणि महामहोपाध्याय काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थांची मोठी सूची आहे. या ग्रंथांचा आदर राखूनही त्यांचा उपयोग विवेकाने व्हावयास हवा. कोणते स्थान लोकांनी पवित्र मानले, कोणते नाव किती जुने, हे पुराण सांगते. पुराची उंची किंवा प्रवाहाचा वेग सांगणे हे त्याचे काम नव्हे. प्रत्येक साधनाला त्याच्या अधिकारातीलच प्रश्न विचारणे, हेच संशोधन. डॉ. हसमुख सांकलिया यांनी हाच मार्ग चोखाळला. गंगापूर परिसरात गोदावरीच्या थरांत मिळालेल्या अश्मयुगीन हत्यारांवरील त्यांचा ग्रंथ १९५२मध्ये डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला, तर १९५०-५१मधील नाशिक आणि जोर्वे येथील उत्खननाचा अहवाल १९५५मध्ये निघाला. नदी, माती आणि मनुष्य यांचा एकत्र विचार करावयाचा तो कसा, याचा वस्तुपाठ येथे मिळतो.

कागदांनी दिलेली साक्ष

हा सारा खटाटोप केवळ विद्वानांसाठी आहे काय? मुळीच नाही. २००३च्या सिंहस्थाच्या तयारीत गर्दीच्या सोयीसाठी रामकुंड परिसरात गोदावरीच्या पात्रात काँक्रीटचा थर अंथरला गेला. हेतू वाईट नव्हता. परंतु त्याखाली जुनी कुंडे दडपली गेली आणि नदीच्या तळातील जिवंत झऱ्यांची तोंडे बुजल्याची तक्रार गोदाप्रेमी नागरिक करू लागले. केवळ भावनेच्या बळावर हा प्रश्न पुढे गेला नसता. नागरिकांनी गॅझेटियरमधील वर्णने आणि नगर भूमापनाचे जुने नकाशे पुढे केले. कोणते कुंड कोठे होते, ते दाखवून दिले. न्यायालयाची दारेही ठोठावली गेली. पुढे २०२०च्या सुमारास काही भागांतील काँक्रीट काढण्याचे काम हाती घेण्यात आले. धूळ खात पडलेल्या कागदांनी नदीच्या बाजूने साक्ष दिली, ती अशी! आणि हेच कागद काँक्रीट ओतण्यापूर्वी पाहिले गेले असते, तर? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे. २०२७च्या सिंहस्थानिमित्त पुन्हा एकदा घाट, रस्ते आणि पूल यांची कामे निघणे स्वाभाविक आहे. अशा वेळी भूमीचे जुने दप्तर उघडून पाहणे, हा कालापव्यय नसून सावधपणा आहे.

'आता सारे काही इंटरनेटवर आहे,' असा आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. गॅझेटियर, नकाशे, 'शोधगंगा'वरील शोधप्रबंध, मराठी विश्वकोश हे सारे आज घरबसल्या पाहता येते आणि ही मोठीच सोय झाली आहे. पण ज्याला 'चांदोर' हे नाव ठाऊक नाही, त्याला तेथेही चांदवड अपुरेच सापडते. शिवाय तालुक्याचे जुने अहवाल, महाविद्यालयीन प्रबंध, स्थानिक स्मरणिका, कौटुंबिक संग्रहांतील नकाशे यांपैकी बरेचसे अद्याप कागदावरच आहेत. कागद कुणाची वाट पाहत नाही. वाळवी आणि ओल आपले काम करीत असतात.

मग करावयाचे काय? पहिली गरज आहे ती 'नाशिक जिल्हा: भौगोलिक संदर्भसूची' अशा एका साध्या पुस्तिकेची. कोणता ग्रंथ, नकाशा, अहवाल कोणत्या ग्रंथालयात वा कार्यालयात आहे, पाहण्यासाठी काय करावे लागते आणि जुनी स्थलनामे कोणती, एवढे तीत असले तरी पुरे. १८४०पासून ज्ञानदीप तेवत ठेवणारे सार्वजनिक वाचनालय, १९२४ची परंपरा असलेले हं. प्रा. ठा. महाविद्यालय आणि मुक्त विद्यापीठ अशा संस्था ज्या शहरात आहेत, तेथे हे काम अवघड नाही. निवृत्त शिक्षक, अभियंते, महसूल खात्यातील जाणकार आणि ग्रंथपाल एकत्र बसले आणि दर रविवारी चार तरुण कार्यकर्ते वही घेऊन त्यांच्यासोबत फिरले, तर वर्षभरात पहिला मसुदा उभा राहील. शासकीय अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक मोठ्या ग्रंथालयाने आठवड्यातून निदान एक दिवस संदर्भसेवेसाठी जाणता माणूस बसवावा. ज्या घरांत जुने नकाशे, मोजणीचे कागद, पुराची छायाचित्रे आहेत, त्या घरांनी ती रद्दीत न घालता त्यांची प्रत ग्रंथालयास द्यावी.

मातृभूमीला वंदन करणाऱ्या समाजाला तिचे डोंगर, तिच्या नद्या आणि तिची माती यांची नेमकी ओळख असावयास हवी. भक्तीला ज्ञानाची जोड नसेल, तर हेतू शुद्ध असूनही हातून नदीवर काँक्रीट ओतले जाते. दुतोंड्या मारुती पूर किती आला, ते यापुढेही सांगत राहीलच. तो का आला आणि पुढच्या वेळी काय करावे, याचे उत्तर ज्या कपाटांत आहे, त्यांच्या किल्ल्या पुढच्या पिढीच्या हाती देणे आपले कर्तव्य आहे.