कट की कुचराई?

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ‘कट’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. कृष्णेचे पाणी आले नाही, कट. पीकविम्याची रक्कम अडली, कट. रेल्वेमार्ग लांबला, कट. संतापास कारणे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि शब्द चुकला की आरोपीही चुकतो, आणि खरा अपराधी सुखाने घरी जातो.

कायद्याच्या लेखी दोन वा अधिक माणसांनी बेकायदेशीर कृत्य, अथवा कायदेशीर कृत्य बेकायदेशीर मार्गाने, करण्याचे आपसांत ठरविले म्हणजे कट होतो. १९१३ साली दंडसंहितेत आलेली ही कल्पना १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ६१व्या कलमात आहे. संगनमत हा तिचा प्राण. एकट्याचा कट होत नाही. अनेकांच्या आळसाची बेरीजही कट होत नाही.

‘कारस्थान’ हा शब्द तर एके काळी मुत्सद्देगिरीचा होता. १७७४ च्या सुमारास नाना फडणीस, सखारामबापू प्रभृतींनी राघोबादादांविरुद्ध जी फळी उभारली, तिला ‘बारभाईंचे कारस्थान’ म्हणताना इतिहासाने नाक मुरडलेले नाही. ती फळी ज्यामुळे उभारावी लागली, तो ३० ऑगस्ट १७७३ रोजीचा नारायणरावांचा खून मात्र खराखुरा कट होता. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका घरोघरी ठाऊक आहे. परंतु रामशास्त्र्यांचे थोरपण आरोळीत नव्हते, चौकशीत होते. त्यांनी आधी शोध घेतला, मग प्रत्यक्ष दादासाहेबांस दोषी ठरविले.

आपणही तोच मार्ग धरला पाहिजे. कृष्णा खोऱ्यातील २३.६६ अब्ज घनफूट पाणी मराठवाड्याच्या वाट्याचे म्हणून सांगितले गेले. आरंभी मंजुरी मिळाली ती सात अब्ज घनफुटांची. येथे नुसते ‘कट’ म्हटल्याने कोणत्याही कचेरीतील एक कागदही हलणार नाही. मंजुरी केव्हा झाली, निधी किती आला, काम कोणाच्या टेबलावर थांबले, हे तारखेनिशी विचारावे. २००५ चा माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. उत्तरांतून संगनमत निघाले, तर ‘कट’ हा शब्द निःशंकपणे उच्चारावा व फिर्याद गुदरावी. कुचराई निघाली, तर तीस कुचराईच म्हणावे आणि ती करणाऱ्याचे नाव घ्यावे. अदृश्य शत्रूस शिव्या देणे सोपे असते. सही अडविणाऱ्यास जाब विचारणे कठीण. जिल्ह्याने हे कठीण काम आता अंगावर घ्यावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.