एका देशाचे अनेक ऋतू
जूनच्या आरंभी केरळात दाखल होणारे नैर्ऋत्य मोसमी वारे जुलैच्या मध्यापर्यंत बहुतेक सारा देश व्यापतात. परंतु तामिळनाडूच्या किनाऱ्याची मदार ऑक्टोबर ते डिसेंबरमधील पावसावर असते आणि हिमालयाच्या पर्जन्यछायेतील लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पर्जन्य लाभतो. आपल्या सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वर जलमय असता माण तालुका टंचाईने व्याकूळ असतो. खरीप-रब्बीचे हिशेब आणि महसुली दप्तरातील आणेवारी ज्यावर अवलंबून, ते ऋतुमानच तापमानवाढीने अस्थिर होत असताना या वैविध्याचे यथार्थ आकलन आम्हांस अगत्याचे वाटते.

म्हणूनच प्रस्तुत अंकात आम्ही देशव्यापी सरासरीपेक्षा प्रदेशोप्रदेशीच्या शेतकऱ्यांच्या व मच्छीमारांच्या अनुभवास अग्रस्थान दिले आहे. वाचकांनीही आपापल्या गावच्या बदलत्या ऋतुमानाविषयी आम्हांस अवश्य लिहावे.