आधी सावलीचा नकाशा

यंदाचा अंक झाडांना वाहिला आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीत तालुक्याच्या कामाला आलेला माणूस आधी सावली शोधतो, मग कचेरी.

2019च्या पावसाळ्यात राज्याने 33 कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. रोपे लागतात, पण जागा बहुधा मोकळी आणि सोयीची असेल तीच निवडली जाते. ऊन सर्वाधिक कुठे भाजते, हे खड्डा घेण्याआधी विचारायला हवे. त्यासाठी नकाशा हवा.

नागरी भागातल्या झाडांसाठीचा 1975चा कायदा दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायला सांगतो. मुंबईच्या गणनेत सुमारे 29 लाख 75 हजार झाडे भरली. मात्र एकूण बेरजेवरून गल्लीतली सावली कळत नाही. आपल्याकडे तर फसगत आणखी मोठी. उपग्रहाच्या चित्रात मोसंबीची बाग हिरवी, ऊसही हिरवाच. हद्दीतली शेते धरली तर गाव गर्द दिसेल, आणि बाजारात बसलेल्या भाजीवालीच्या डोक्यावर एक फांदी नसेल. म्हणून शेते वगळावीत, वस्ती तेवढी वॉर्डावॉर्डाने पाहावी.

पद्धत सोपी आहे. उपग्रहाच्या चित्रावर कसेही विखुरलेले ठिपके टाकायचे आणि प्रत्येक ठिपका झाडावर पडला, छपरावर की रस्त्यावर, एवढे नोंदवायचे. 500 पैकी 40 झाडांवर पडले, तर छाया सुमारे 8 टक्के. दहावीची मुले हे सहज करतील. नंतर पायी फिरून खात्री करावीच लागते, कारण वेड्या बाभळीची झुडपेही वरून झाडासारखी दिसतात. याच नकाशावर शाळा, दवाखाना, बसस्थानक, आठवडी बाजार मांडले की पहिला खड्डा कुठे, ते समजते.

2012-13च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीबागा वाळल्या. उन्हाळ्यात रोपांना घालायचे पाणी पुढेही मोजकेच असणार. ते ज्याच्याखाली चार माणसे थांबतील अशा कडुनिंबाला, वडाला, करंजाला आधी मिळावे, असे आमचे ठाम मत आहे.

दिवाळी ते मृग, हाती सात महिने आहेत. नगरपंचायत, शाळा आणि वाचक यांनी मिळून हिवाळ्यात वॉर्डांचे नकाशे करावेत आणि मेमधले खड्डे त्यावरून घ्यावेत. तुमच्या गल्लीचा नकाशा आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.