मोबाईलचा खर्च : आधी भागाकार करा, मग रिचार्ज मारा

आज या पानावर खत, बियाणे किंवा करपा-फळमाशी यांतले काही नाही. आज खिशातल्या फोनविषयी बोलायचे आहे. विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण हिशेब मांडला की तो थेट शेतीच्या पैशातच येऊन बसतो.

पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये मिळतात, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. हप्ता लांबला की आमच्याकडे विचारणा सुरू होते, "साहेब, माझे का नाही आले?" विचारायलाच हवे. आता दुसरीकडे बघा. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा २८ दिवसांचा, रोज दीड जीबी डेटाचा पॅक २९९ रुपयांना झाला. वर्षात असे १३ पॅक बसतात. म्हणजे एका फोनचे ३,८८७ रुपये आणि दोन फोनचे ७,७७४. सन्मान निधीचे सहा हजार दोन फोनलाच पुरत नाहीत, आणि त्याबद्दल मात्र आम्हाला कोणी विचारीत नाही.

महिना बारा वेळा येतो, मग पॅक तेरा कसे? कारण कंपनीचा महिना २८ दिवसांचा असतो. मजुराचा पगार महिन्याला, दूध डेअरीचा हिशेब महिन्याला, रिचार्ज तेवढा चार आठवड्यांनी! या तेराव्या महिन्याविषयी लोकांनी तक्रारी केल्या, तेव्हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक पॅक दर महिन्याला त्याच तारखेला भरायचा असा ठेवलाच पाहिजे. तसे पॅक आले. जिओचा तारखेचा पॅक जुलै २०२४ ला ३१९ रुपये झाला. बारा महिन्यांचे ३,८२८. तेरा वेळा २९९ भरण्यापेक्षा ५९ रुपयांनी कमी. बचत फार नाही, पण टपरीवर हा पॅक आपण होऊन कोणी सांगितल्याचे मला तरी आठवत नाही.

खरी बचत दुसरीकडे आहे. आगर, नरपड, चिखले, घोलवड या पट्ट्यात चिकूच्या वाड्यांतून फिरताना मी एक गोष्ट बघतो. घरात चार फोन असतात. मुलाचा आणि सुनेचा फोन मोठा, व्हिडिओ चालतो, पैसे पाठवणे चालते. म्हातारा-म्हातारीच्या हातात मात्र बटणाचा साधा फोन. तलासरीच्या पाड्यांवर तर असे साधे फोन अजून पुष्कळ आहेत. एका पाड्यावर आजीबाईंचा फोन हातात घेऊन पाहिला. फोनमध्ये इंटरनेट चालतच नाही, आणि मारलेला पॅक रोज दीड जीबीचा! मी विचारलं, "आजी, हा पॅक कुणी मारून दिला?" तर म्हणाल्या, "दुकानवाला मारतो. मी पैसे देते." विहीर नसलेल्या वावरात मोटरचं बिल भरावं तशातली ही गोष्ट.

यावर उपाय झालेला आहे, पण तो पाड्यापर्यंत पोहोचलेला नाही. ट्रायने २३ डिसेंबर २०२४ रोजी नियमात दुरुस्ती केली. फक्त बोलणे आणि एसएमएस एवढ्यासाठीच, डेटा नसलेला पॅक कंपन्यांनी दिलाच पाहिजे, आणि अशा पॅकची मुदत पूर्वीच्या ९० दिवसांऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल, असे त्यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी असे पॅक आणले. ते कसे आणले हे समजून घेण्यासारखे आहे. एअरटेलने आधी ८४ दिवसांचे ४९९ आणि वर्षाचे १,९५९ रुपये लावले. डेटा तर काढून घेतला, पण किंमत फारशी उतरवली नाही. ओरड झाली, ट्रायनेही हे दर तपासू असे म्हटले, आणि काही दिवसांतच ते ४६९ आणि १,८४९ वर आले. व्होडाफोन-आयडियानेही वर्षाचे १,८४९ च ठेवले.

जिओने काय केले? ८४ दिवसांचे ४५८ होते ते ४४८ केले. वर्षाचे १,९५८ होते ते १,७४८ केले. दोनशे दहा रुपये उतरले, लोक खूश. पण पाठीमागचे बारीक अक्षर वाचा, मुदत ३६५ वरून ३३६ दिवस झाली. म्हणजे २९ दिवस कापले. त्या दिवसांची जुन्या दराने किंमत काढली तर साधारण १५५ रुपये भरते. खरी सूट उरली पंचावन्न रुपयांची. १,७४८ हा आकडा १,८४९ पेक्षा शंभराने लहान दिसतो, पण ३६५ दिवसांना त्याच दराने जवळजवळ १,९०० होतात. लहान आकडा महाग आणि मोठा आकडा स्वस्त, असा हा प्रकार.

म्हणून रुपयांना दिवसांनी भागा. टपरीवर उभे राहून, त्याच फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर. २९९ ला २८ ने भागा, दिवसाला १० रुपये ६८ पैसे. जिओचाच ७९९ चा ८४ दिवसांचा पॅक, डेटा तेवढाच, दिवसाला साडेनऊ रुपये. बिनडेटाचे १,८४९ वर्षाला, दिवसाला ५ रुपये ७ पैसे. हे दर मी जुलै २०२४ आणि जानेवारी २०२५ चे दिले आहेत. कंपन्या दर बदलत असतात, तेव्हा आजचा आकडा विचारून घ्या. भागाकार तोच राहील.

आता चार फोनचे घर घ्या. चारही जण २९९ मारत असतील तर वर्षाला १५,५४८ रुपये. त्याऐवजी दोन मोठ्या फोनना ८४ दिवसांचा पॅक आणि दोन साध्या फोनना वर्षाचा बोलण्याचा पॅक केला, तर होतात सुमारे १०,६२०. वाचले जवळपास पाच हजार. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना धरली तर अठरा गोण्यांचे पैसे. घरातल्या कोणाचे बोलणे कमी झाले नाही, कोणाचा व्हिडिओ बंद पडला नाही.

यात एक अडचण आहे आणि ती मला मान्य आहे. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाने एकदम १,८४९ रुपये आणायचे कुठून? ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत तोच दिवसाला सर्वात महाग पॅक घेतो. बियाणाचं तसंच, किराण्याचं तसंच. पण भात विकल्यावर, वीटभट्टीचा हिशेब मिळाल्यावर हातात पैसे येतात, तेव्हा आधी घरातल्या साध्या फोनचे वर्ष उरकून टाकावे. तेही जमत नसेल तर ८४ दिवसांचा बिनडेटाचा पॅक तरी मागावा. नाव घेऊन मागावा लागतो. "फक्त बोलायचा, नेट नको" असे स्पष्ट सांगा.

खलाशी बांधवांचे वेगळेच आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांतली कितीतरी पोरं गुजरातच्या बोटींवर जातात. बोट दर्यात लांब गेली की रेंज नाही, आणि पॅकचे दिवस मात्र किनाऱ्यावर असल्यासारखे सरत राहतात. रोज दीड जीबीचा पॅक त्यांनी का मारावा? बंदरावर आल्यावर घरी बोलता आले म्हणजे झाले. नेट लागलेच तर साध्या वायफायची किंवा सोबत्याच्या फोनची सोय होते. पूर्वी सरहद्दीचा आणखी एक भुर्दंड असे. तलासरीकडे फोन गुजरातचा टॉवर पकडायचा आणि रोमिंगचे पैसे कटायचे. आताच्या पॅकमध्ये देशात कुठेही वेगळे रोमिंग लागत नाही, त्यामुळे त्या भीतीने दोन राज्यांची दोन सिमे बाळगायचे कारण उरलेले नाही.

दुसरे सिम म्हणजे दुसरा रिचार्ज. २०१८ पूर्वी दहा रुपये टाकले की येणारे फोन महिनोन्महिने चालू राहत. २०१८ च्या अखेरीस किमान रिचार्ज आला, एअरटेलचा २८ दिवसांचा पॅक तेव्हा ३५ रुपयांचा होता. जुलै २०२४ ला एअरटेलचाच २८ दिवसांचा सर्वात स्वस्त बोलण्याचा पॅक १९९ वर गेला. (त्यात अमर्याद बोलणे आणि थोडा डेटा मिळतो, हे कंपनीच्या बाजूनेही सांगितले पाहिजे.) तेव्हा दोन सिमांपैकी कोणते ठेवायचे ते ठरवा. पण थांबा. बँकेला, आधारला, शेतकरी ओळख क्रमांकाला जो नंबर जोडलेला आहे तो मरू देऊ नका. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो, आणि पुढे तो दुसऱ्या माणसाला मिळतो. तुमचा ओटीपी मग त्याच्या फोनवर! खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून आणखी ३० दिवस नंबर राखण्याची तरतूद आहे, पण त्यावर विसंबू नये. आधी बँकेत नंबर बदला, मग सिम सोडा.

कंपनीच बदलायची असेल तर नंबर बदलण्याची गरज नाही. इंग्रजीत पोर्ट, मग जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवला की कोड येतो. तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. त्याच सर्कलमध्ये तीन कामकाजाचे दिवस लागतात. उंबरगाव किंवा सिल्वासाला घेतलेले सिम गुजरात सर्कलचे असते, ते महाराष्ट्रात आणायला पाच. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असले पाहिजेत. स्वस्ताईच्या मागे लागून आंधळेपणाने मात्र जाऊ नका. बीएसएनएलने जुलै २०२४ ला दर वाढवले नाहीत, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या देशी बनावटीच्या फोर-जीचे देशभर उद्घाटनही झाले. पण तुमच्या पाड्यावर रेंज आहे का? महामार्गाच्या पूर्वेला डोंगराच्या कुशीतल्या पाड्यात एका कंपनीचे चालते, दुसरीचे चालत नाही. कंपन्यांनी रेंजचे नकाशे प्रसिद्ध केले आहेत ते पाहावेत, पण त्याहून शेजाऱ्याचे सिम आपल्या ओटीवर एक दिवस घालून पाहणे बरे.

बॅलन्स आपोआप कटत असेल तर गाणे, ज्योतिष, क्रिकेट असली सेवा चिकटलेली असते. माझ्या वडिलांच्या फोनवर अशी एक सेवा कित्येक महिने चालू होती, त्यांना पत्ताच नव्हता. १५५२२३ या नंबरावरून ती बंद करता येते. कंपनीच्या तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर तिच्याच अपील अधिकाऱ्याकडे फुकटात तक्रार करता येते.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि बचत गटांच्या ताईंना एक विनंती आहे. पुढच्या ग्रामसभेत घरकुल आणि पाणी झाले की दहा मिनिटे यासाठी काढा. ज्या ज्या घरात साधा फोन आहे त्यांनी तो घेऊन यावा, आणि गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीने प्रत्येकाचा चालू पॅक, मुदत आणि दिवसाचा दर एका वहीत लिहावा. आमचा कर्मचारी त्या दिवशी गावात असेल तर तोही बसेल, मी स्वतः जमेल तिथे येईन. येताना आधार कार्डाला कोणता नंबर जोडला आहे तेवढे मात्र घरून विचारून या.