सात तारखेचा पगार आणि ‘तांत्रिक अडचण’

काही महिन्यांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतील छोट्या कारखान्यात सव्वीस कामगारांचा पगार अकरा दिवस रखडला. संप नव्हता, टाळेबंदी नव्हती, मालकाच्या खात्यात पैसेही होते. पगाराचा हिशेब करणारे सॉफ्टवेअर मात्र नादुरुस्त झाले होते. पुरवठादार कंपनीने महिन्याच्या मध्यावर त्याची सुधारित आवृत्ती बसवली. तेव्हापासून जादा कामाचे तास दुपटीऐवजी एकेरी दराने धरले जाऊ लागले आणि ती चूक दुरुस्त करू जाता बँकेला पाठवावयाची यादीच तयार होईना. मालकाने ग्राहक-सेवेला फोन केला. आधी यंत्राचा आवाज, मग प्रतीक्षेचे संगीत, मग एक तक्रार-क्रमांक. दर वेळी नवा माणूस आणि दर वेळी तीच हकीकत पहिल्यापासून. चौथ्या दिवशी तक्रार ‘निकाली’ निघाल्याचा निरोप आला. घोळ जागच्या जागीच होता. अखेर एका निवृत्त कारकुनाने हजेरीपट पुढ्यात घेऊन दोन संध्याकाळी सगळा हिशेब हाताने केला, तेव्हा अठरा तारखेला पगार झाला.

ही हकीकत मी एका बैठकीत सांगितली, तेव्हा एक ज्येष्ठ साथी म्हणाले, “हा मालकाच्या डोकेदुखीचा प्रश्न आहे, आपल्या चळवळीचा नव्हे.” हे मत अनेक कार्यकर्त्यांचे आहे. ते चुकीचे आहे, इतकेच नव्हे तर घातक आहे, असे मला वाटते.

मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत हातात पडला पाहिजे, ही तरतूद कामगारांना कोणी दान म्हणून दिलेली नाही. छोट्या कारखान्यांसाठी १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात ती होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या वेतन संहितेतही ती आहे. जादा कामाला किमान दुप्पट दर, हीदेखील कायद्याचीच आज्ञा आहे. ‘सॉफ्टवेअर अनुकूल असल्यास’ अशी पुस्ती त्या कायद्यांना कोठेही जोडलेली नाही. परंतु प्रत्यक्षात आज तशी पुस्ती जोडली जात आहे, आणि ती संसदेने नव्हे, तर खाजगी पुरवठादाराने जोडली आहे. वाण्याची उधारी, खोलीचे भाडे, कर्जाचा हप्ता यांना तक्रार-क्रमांक दाखवून भागत नाही. हप्ता चुकला की बँक दंड कापते, आणि तो दंड कामगाराच्या पदरी पडतो.

येथे कोणी मला यंत्रविरोधक ठरवू नये. गुणाकार-भागाकार यंत्र माणसापेक्षा बिनचूक करते, हे उघड आहे. बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीने यंत्राला आंधळा विरोध न करता १९८३ साली यांत्रिकीकरणाबाबत व्यवस्थापनाशी करार केला, तो याच जाणिवेतून. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. कोऱ्या पगारपत्रकावर अंगठा घेणारे मुकादम आणि हजेरी खाणारे टाइमकीपर आपण विसरलेलो नाही. पण त्या व्यवस्थेत खिडकीपलीकडे एक माणूस बसलेला असे. त्याच्यापुढे मस्टर उघडायला लावता येई, त्याच्याशी भांडता येई, प्रसंगी त्याला घेराव घालता येई. आज खिडकी आहे, पलीकडे कोणी नाही. कामगार मालकाला विचारतो, मालक ग्राहक-सेवेला विचारतो, आणि ग्राहक-सेवा म्हणते, “आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे.” तो विभाग आजवर कोणी पाहिलेला नाही.

म्हणजे प्रश्न यंत्राचा नसून मालकीचा आणि उत्तरदायित्वाचा आहे. हे सॉफ्टवेअर विकत मिळत नाही, बहुधा भाड्याने मिळते. दर कामगारामागे दरमहा अमुक रुपये. कामगारांच्या हजेरीचा, पगाराचा, कपातीचा वर्षानुवर्षांचा तपशील पुरवठादाराच्या ताब्यात राहतो. तो सोडून जायचे म्हटले, तर तपशील धडपणे परत मिळेल याची खात्री नसते. करारातील बारीक अक्षरांत कंपनी नुकसानीची जबाबदारी झटकून मोकळी होते. महाराष्ट्रातील व्यवसाय कराचे उदाहरण घ्या. दहा हजारांवर पगार असलेल्याचा दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कर कापला जातो. कारण वर्षाची बेरीज २,५०० होते आणि राज्यघटनेने घातलेली मर्यादा तेवढीच आहे. स्त्री कामगाराला एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत हा कर माफ आहे. कोणत्याही जाणत्या कारकुनाला हे तोंडपाठ असते. पण हाच नियम सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा बसला, तर चूक डोळ्यांना दिसत असूनही मालकाला ती दुरुस्त करता येत नाही. तो आपल्याच पगारपत्रकाचा भाडेकरू झालेला असतो. भविष्य निर्वाह निधीचा भरणा पंधरा तारखेच्या पुढे गेला, तर व्याज आणि दंड त्याच्या माथी बसतो. पुरवठादाराला त्याची झळही लागत नाही.

हे अवलंबन कोठवर जाऊ शकते, हे भांडवलशाहीच्या माहेरघरी दिसून आले आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील मायपेरोलएचआर ही कंपनी सुमारे चार हजार छोट्या व्यवसायांचे पगार वाटत असे. सप्टेंबर २०१९ मध्ये ती अकस्मात बंद पडली. पगार व करांपोटी व्यवसायांनी दिलेले सुमारे साडेतीन कोटी डॉलर चालकाने दुसरीकडे वळवले होते. त्याहून भयंकर म्हणजे, अनेक कामगारांच्या खात्यात जमा झालेला पगार मधल्या यंत्रणेने उलटा काढून घेतला. घाम गाळून मिळवलेली रक्कम एका रात्रीत खात्यातून नाहीशी झाली. चालकाने पुढे गुन्हा कबूल केला आणि २०२१ मध्ये त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली. पण मालकाने पैसे दिले आणि कामगाराला ते पचले नाहीत, याचे कारण मध्ये बसलेल्या दलालावर कोणाचाच अंकुश नव्हता.

या संतापाचे लक्ष्य मात्र चुकता कामा नये. फोनवर बोलणारी मुलगी ही आपली शत्रू नाही. तिच्या हाती ठरावीक वाक्ये दिलेली असतात, एका संभाषणाला किती मिनिटे घेतली याची मोजणी चालू असते आणि चूक दुरुस्त करण्याचा अधिकार तिला दिलेलाच नसतो. शिव्या खाण्यासाठी नेमलेली ती एक श्रमिकच आहे. तसेच छोट्या मालकाला संतपद देण्याचेही कारण नाही. ‘तांत्रिक अडचण’ ही सबब त्यालाही सोयीची असते, आणि कायद्याने पगाराची जबाबदारी त्याचीच आहे. तेव्हा कामगारासाठी आपण मालकाला जाब विचारावा आणि पुरवठादाराला जाब विचारताना मालकालाही सोबत घ्यावे. यात विसंगती नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या हाती जबाबदारी असावी, हे आपले जुनेच सूत्र आहे.

शासनाचीही येथे झडती घेतली पाहिजे. जीएसटी नेटवर्कने २०१९ मध्ये दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकांना हिशेबाचे सॉफ्टवेअर मोफत देऊ केले. कर वसूल करावयाचा असतो तेव्हा सरकारला सॉफ्टवेअर देता येते. मग मजुरी चुकती करावयाची असते तेव्हाच ते बाजाराकडे बोट का दाखवते? छोट्या कारखान्यांसाठी मोफत, सर्वांना तपासता येईल असे पगाराचे सॉफ्टवेअर कामगार खात्याने उपलब्ध करून द्यावे, ही आपली पहिली मागणी असावी. पुरवठादाराच्या चुकीमुळे होणारे व्याज-दंड त्यानेच भरावेत. सर्व तपशील मागताच वापरता येईल अशा स्वरूपात परत द्यावा. तक्रार सोडविण्याचा अधिकार असलेल्या माणसाचे नाव करारात असावे. आणि पगाराची रक्कम मध्यस्थाच्या खात्यात कधीही अडकू नये, हे कायद्यानेच बंधनकारक करावे.

पण कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. आपल्या प्रत्येक शाखेने आपल्या भागातील छोट्या कारखान्यांतून एक साधी गोष्ट मिळवावी: कामाचे तास, दर आणि प्रत्येक कपात वेगळी दाखवणारी मराठीतील पगाराची चिठ्ठी, आणि तिच्याशी ताडून पाहता येईल असा छापील हजेरीपट. दर गटात एका तरुण कार्यकर्त्याने तो हिशेब हाताने करावयास शिकावे. त्या सव्वीस जणांना अठरा तारखेला पगार मिळाला, तो हजेरीपट कागदावर होता आणि तो वाचता येणारा एक म्हातारा हयात होता, म्हणून. पुढच्या वेळी तो म्हातारा नसेल; त्याच्या जागी आपण असलो पाहिजे.